देशावर प्रेम असलं तरी इथल्या स्वातंत्र्यातल्या उणिवांवर बोलावं का?

खुशाल बोलावं. आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी घ्या. इंग्रजांशी लढताना धुळ्याचा तुरुंग भोगला, आणि स्वातंत्र्य तोंडावर आलेलं असताना मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. 'आधी इंग्रज जाऊ देत, घरचं नंतर बघू' म्हणत थांबले नाहीत. त्यांच्या देशप्रेमावर कोण शंका घेईल?

कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेचं कलम १९ बोलायचा हक्क देतं, वाजवी निर्बंधांसकट. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीकाही तेव्हाच्या कायद्यातला राजद्रोह ठरत नाही. पारावर मात्र 'मग पाकिस्तानात जा' हा निकाल दोन मिनिटांत लागतो, अपिलाची सोयच नाही!