ऊब, ऊन आणि गॉलचा समुद्र

इंदूरच्याच एका ताई गोड शेवटाची प्रेमकथा लिहीत आहेत. सुट्टीत श्रीलंकेला गेलेली मुलगी, गॉलचा किल्ला, समुद्र आणि तिथे भेटलेला मुलगा. त्यातलं एक वाक्य असं : ‘विमानातून उतरताच त्या उबदार देशानं तिला कवेत घेतलं.’ हिंदी भाषक सुनेनं ते वाचून विचारलं, “आई, पोहोचल्या पोहोचल्याच ती कंटाळली का?” म्हणून ताईंचा प्रश्न : ‘उबदार’ ठेवू की बदलू? आणि हिंदीतली ऊब नि आपली ऊब एकच का?

बदला, आजच बदला. हा ‘उबदार किनारा’ पर्यटनाच्या जाहिरातींत आणि अनुवादित कथांत मला सारखा भेटतो आणि दर वेळी मी अडखळतो. ऊब मिळायला आधी गारठा लागतो. डिसेंबरच्या रात्री इंदूरच्या सराफ्यात गरम गराडूंचा, म्हणजे तळलेल्या कंदांचा, दोना हातात धरला की तळव्यांना मिळते ती ऊब. गोधडीत ऊब असते, आईच्या कुशीत असते. कोंबडी अंडी उबवते. ऊब नेहमी कोंडलेली, धरून ठेवलेली असते. म्हणून तर डब्यात फार दिवस पडून राहिलेल्या पिठाला उबट वास येतो. ३० अंशांच्या दमट, मोकळ्या समुद्रवाऱ्यात ती कुठून आणायची? मुलगी इंदूरची थंडी सोडून आलीय म्हणाल, तर तिला ऊब वाटेलही. पण म्हणून देश उबदार होत नाही.

हिंदीतली ऊब म्हणजे कंटाळा, ती मुळातच वेगळी. ती संस्कृत ‘उद्विज्’पासूनची, म्हणजे आपल्या ‘उबग’ची सख्खी बहीण. साक्ष खुद्द ज्ञानेश्वरांची. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘नोद्विजते’ येतं, तिथे ते जलचरांना न कंटाळणाऱ्या समुद्राचा दृष्टान्त देतात आणि शब्द वापरतात ‘नुबगिजे’. इतका लख्ख पुरावा असताना, ऊब फार झाली की उबग येतो म्हणून दोन्ही शब्द एकच, असं एका विद्वानांनी आमच्याकडे व्याख्यानात सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. साफ चूक आहे ती! अर्थाला अर्थ जोडून व्युत्पत्ती होत नाही, ध्वनी जुळावे लागतात.

माझ्या मते आपली ऊब आली ‘ऊष्मन्’मधून, म्हणजे उष्णतेच्या संस्कृत शब्दातून. ‘ष्म’चा प्राकृतात ‘म्ह’ होतो आणि पुढे त्या ‘म’ला ‘ब’ फुटतो. उदाहरण हवं तर ‘श्लेष्मन्’ (कफ) घ्या. त्याचा मराठीत झाला शेंबूड! श्लेष्म्यातून शेंबडाचा ‘ब’ निघतो, तर ऊष्म्यातून ऊबेचा का निघू नये? मग शेंबडातला अनुस्वार ऊबेत कुठे गेला, असं एका मित्रानं मला अडवून विचारलं होतं. तो दीर्घ ‘ऊ’मध्ये विरला, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

पण ताई, तुमच्या कथेसाठी खरं घबाड ‘उष्ण’मध्ये आहे. उष्ण, प्राकृतात उण्ह, मराठीत ऊन. आता आपण ते बहुतेक सूर्यप्रकाशापुरतं ठेवलंय, तरी ऊन ऊन वरणभात अजून आहेच, आणि आमची आजी अंघोळीला ‘ऊन पाणी’च काढायची. श्रीलंकेतली सिंहली भाषाही आपल्याच कुळातली, प्राकृतातून उतरलेली. तिच्यात गरम म्हणजे ‘उणु’ आणि गरम पाणी म्हणजे ‘उणु वतुर’. लिहिताना ण लिहितात, पण बोलताना तिथे ण आणि न यांत फरक उरत नाही, म्हणजे कानावर पडतं ‘उनु’! मध्ये आख्खा तमिळ मुलूख, मग समुद्र, आणि पलीकडे आजीचं ऊन पाणी. हे मला कळलं त्या दिवशी मी घरात ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. तुमच्या नायिकेचा मुक्काम गॉलला एखाद्या घरी ठेवा. सकाळी त्या घरची बाई दारातून ‘उणु वतुर?’ म्हणून विचारेल आणि माळव्यातल्या या मुलीला ते कुणी न सांगता कळेल. तो मुलगा तिथेच उभा असेल आणि त्याला वाटेल, हिला आपली भाषा येते. प्रेमाला याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

राहिलं तुमचं वाक्य. ‘विमानातून उतरताच दमट वारा तिच्या अंगाला बिलगला’ एवढं पुरे. आणि ‘उबदार’ खोडून फेकू नका, नुवारा एलियापर्यंत राखून ठेवा. ते गाव १,८०० मीटरांहून उंच, भोवती चहाचे मळे, आणि जानेवारीतल्या रात्री चांगल्याच गार. तिथे त्यानं आपला स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकला, की खुशाल लिहा, तिला ऊब वाटली. सुनेलाही मग विचारावं लागणार नाही.