अभ्यास दौऱ्याला माणसे कमी न्या आणि एकाच शहरात राहा

ताई, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात असलेल्या आपल्या सौहार्द संस्थेचे (कर्नाटकातील सहकारी पतसंस्थेचे) दहा-बारा तरुण संचालक आणि शाखाधिकारी यांना नेतृत्वाचे धडे मिळावेत म्हणून चार दिवसांत पुणे, सुरत आणि इंदूर कसे बसवावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की तिन्ही बसवू नयेत.

मी असे पाच दौरे नेले आहेत आणि त्यांतला पहिला सपशेल फसला. ४२ माणसांची बस, चार दिवसांत सहा ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी सभागृहात पडद्यावरची माहिती, चहा, शाल-नारळ आणि एकत्रित फोटो. परतताना निपाणीजवळ गाडी थांबली, तेव्हा काय पाहिले असे विचारल्यावर बहुतेकांना जेवणच आठवत होते. दोष त्यांचा नव्हता. वेळापत्रक मी आखले होते.

पुढच्या वेळी आम्ही ११ जण फक्त पुण्याला गेलो आणि तीन दिवस तिथेच राहिलो. बेळगावहून रात्री निघून सकाळी पोहोचता येते आणि भाषेची अडचण नसते, हे सोयीचे कारण झाले. खरे कारण 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून आकाराला आलेल्या 'स्वच्छ'ने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा गोळा करणारेच तिचे सभासद आहेत, संचालक मंडळावरही त्यांच्यातल्या स्त्रिया आहेत आणि घरटी मासिक शुल्क थेट त्यांच्या हाती पडते. आम्ही आमच्या माणसांना कार्यालयात न बसवता एकेकाला एकेका जोडीबरोबर सकाळी ढकलगाडीमागे पाठवले.

एका इमारतीत ओला-सुका एकत्र केलेला डबा जोडीतल्या बाईंनी घेतला नाही. आवाज न चढवता त्यांनी फरक समजावला, वेगळा करून द्या म्हणाल्या आणि तो मिळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. महिन्याचे पैसे त्याच दारातून यायचे होते. आमच्यातले एक संचालक थकबाकीदार नातेवाइकाला नोटीस पाठवायला वर्षभर धजत नव्हते. त्या रात्री जेवताना हा प्रसंग त्यांनीच स्वतःहून काढला, आणि बेळगावला परतल्यावर आठवड्याच्या आत नोटीस गेली.

सुरतेसाठी वेगळा दौरा करावा आणि जाण्याआधी तिथल्या प्लेगची हकिकत सर्वांनी वाचावी. सप्टेंबर १९९४ मधील साथीत लाखो लोक शहर सोडून गेले. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी निर्णयाचे अधिकार विभागांच्या प्रमुखांकडे सोपवले आणि वरिष्ठांना रोज सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर उतरायला लावले. त्यांची बदली झाल्यावरही शहर जुन्या अवस्थेला परतले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते, कारण आपल्याकडे अध्यक्ष बदलला की टेबलांची दिशाही बदलते. हे पाहून आलेल्या आमच्या एका शाखाधिकाऱ्याने बाजाराच्या दिवशी, रोजची छोटी ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाबरोबर दुकाने फिरायला सुरुवात केली आणि ज्या तक्रारी काउंटरवर कधीच आल्या नव्हत्या, त्या त्याला तिथे ऐकू आल्या. दुसऱ्याने हाच उपक्रम दोन महिन्यांत सोडला. तो बाहेर असताना सही कोणी करायची हे ठरवलेच नव्हते, म्हणजे त्याने फिरणे उचलले पण अधिकार सोपवणे राहून गेले.

इंदूर पुढे कधीतरी पाहा. २०१७ पासून ते स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिले आले आणि २०२३ मध्ये सुरतेने तो मान वाटून घेतला. परंतु रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प पाहून आपली माणसे यंत्रांवरच बोलत बसतील, अशी मला भीती आहे.

निघण्यापूर्वी एक सकाळ बेळगावातच, २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालेल्या प्रायोगिक भागांत काढावी. वॉल्व्ह सांभाळणाऱ्याला काय विचारायचे, याचा सराव तिथे होतो आणि खर्चही नाही.

शेवटी, यजमान संस्थेला महिनाभर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. आपला माणूस सोबत असला की ढकलगाडीवाल्या जोडीचा वेग मंदावतो आणि त्यांची वर्गीकरणाची वेळ बुडते. म्हणून त्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकातच धरावा. शाल-नारळाच्या पैशांत तो सहज बसतो.