ऑलीची घाई नको

ऑली म्हणजे हात न लावता स्केटबोर्डसकट मारलेली उडी, ती नंतर. आधी बोर्ड गवतावर ठेवून नुसतं उभं राहायला शीक, चाकं पळणार नाहीत. डेक, म्हणजे उभं राहायची फळी, ८ इंचांच्या आसपास रुंदीची घे. खडबडीत रस्त्याला ७८ए ची मऊ चाकं बरी, गुळगुळीत काँक्रीटला ९९ए ची कडक (हा आकडा चाकाचा कडकपणा सांगतो). हेल्मेट, रिस्ट गार्ड (मनगटाचं संरक्षक कवच) पहिल्या दिवसापासून. पडताना हात आपसूक पुढे जातो.

मला ऑली जमायला पाच महिने लागले. टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, आपटायचो, पण पुढचं पाऊल वर घासायलाच विसरायचो. एका अनोळखी पोरानं स्वतःचा सराव थांबवून माझा बूट धरून दाखवलं, कुठून कुठे ते. आज तो जिवलग मित्र आहे. म्हणून म्हणतो, कोपऱ्यात एकटा खेळू नकोस. कुणाची ट्रिक बसली की आम्ही बोर्ड जमिनीवर आपटतो, तीच आमची टाळी. तूही आपट. फक्त कुणाच्या वाटेत आडवा येऊ नकोस, त्यावरून मात्र खरंच भांडणं होतात.