मोठ्या मालाचं भाडं टेपवर ठरतं

प्रिय मित्रास,

अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या अंबडला तुझं फर्निचरचं काम चांगलं बसलंय आणि आता पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येऊ लागल्यात, हे ऐकून फार बरं वाटलं. टेबल घडवताना जितका जीव लावतोस तितकाच ते पोचवण्याच्या हिशेबालाही लाव. नफा बहुतेक वेळा तिथेच सांडतो.

मोठ्या वस्तूचं भाडं काट्यावर ठरत नाही, टेपवर ठरतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या नियमाने ५०००ने भागायचं. जे येईल ते घनफळी वजन. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्यावर बिल लागतं. रस्त्याने पार्ट लोड, म्हणजे एकाच गाडीत अनेकांचा थोडा थोडा माल, नेणारे बरेच ट्रान्सपोर्टवाले हाच हिशेब घनफुटात करतात आणि दर घनफुटाला ठरावीक किलो धरतात. म्हणून भाव विचारताना आधी विचार, ‘भागाकार कितीने? घनफुटाला किती किलो?’ किलोचा दर कमी सांगून भागाकारात वसूल करणारे पुष्कळ भेटतील.

तुझंच जेवणाचं टेबल घे. जोडलेलं, पॅकिंगसकट १६० × ९० × ७५ सेंटिमीटर. खरं वजन ४० किलो, पण घनफळी वजन २१६ किलो. पाय नट-बोल्टवर सुटे केलेस आणि फळीलगत बांधलेस, तर उंची १५वर येते आणि घनफळी वजन ४४ किलोच्या आत. किलोला १२ रुपये, इंधन अधिभार १५ टक्के, डॉकेट म्हणजे बुकिंगच्या पावतीचा आकार १०० रुपये, मालाच्या किमतीवरचा आकार किमान १०० आणि वर १८ टक्के जीएसटी असं उदाहरणादाखल धरलं, तर जोडलेल्या टेबलाला सुमारे ३,७५० रुपये पडतात आणि सुट्या टेबलाला सुमारे ९५०. हा फरक वाहतूकदाराशी कितीही घासाघीस केलीस तरी मिळणार नाही. तो डिझाइनच्या कागदावरच मिळवायचा असतो. पायांना डिंक-खिळे नकोत, इन्सर्ट नट (लाकडात बसणारा आटेदार नट) बसव.

माप घ्यायचं ते पॅकिंग झाल्यावर, सगळ्यांत बाहेर आलेल्या टोकापासून टोकापर्यंत. बाहेर डोकावणारा एक पाय किंवा फुगलेला पुठ्ठा पूर्ण खोक्याचं माप वाढवतो. वाहतूकदाराच्या हबवर, म्हणजे माल गोळा करून पुढे पाठवायच्या केंद्रावर, तो पुन्हा मोजतात, आणि तिथे निघालेलं वाढीव बिल ग्राहकाकडे मागता येत नाही. बांधून झालं की मोजायचा टेप लावून प्रत्येक बाजूचा फोटो काढून ठेव.

पॅकिंगमध्ये सगळ्यांत आधी कोपरे मार खातात. पार्ट लोडचा माल इथल्या शाखेत, इथल्या हबवर, तिकडच्या हबवर आणि ग्राहकाच्या दारात असा प्रत्येक टप्प्यावर चढतो-उतरतो. फुल गाडीत एकदा चढतो, एकदा उतरतो. म्हणून पार्ट लोडला चारही कोपऱ्यांना कॉर्नर गार्ड, त्यावर पुठ्ठ्याचा रोल, वर स्ट्रेच फिल्म. ताज्या पॉलिशवर थेट बबल रॅप लावू नकोस, उन्हात तापला की बुडबुड्यांचे ठसे उमटतात. मध्ये पातळ फोम शीट हवीच. काच नेहमी वेगळी, लाकडी क्रेटमध्ये आणि उभी. आडवी ठेवली तर खड्ड्यांत स्वतःच्याच वजनाने लवून तडकते. पावसाळ्यात इगतपुरी-कसाऱ्याकडून जाणाऱ्या मालाला बाहेरून प्लास्टिक हवं. ओला पुठ्ठा हातातच सुटतो. नट-बोल्टची पिशवी मोकळी सोडू नकोस, फळीच्या मागे चिकटव. नग दोन असतील तर दोन्हींवर १/२, २/२ लिही.

गावातल्या डिलिव्हरीसाठी कुरिअरच्या वाटेला जाऊच नकोस, छोटा हत्ती पुरतो. त्याचा हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच फूट, म्हणजे सोफा आणि टेबल एका खेपेत जातं. सातपूर, इंदिरानगर, नाशिकरोड अशा ऑर्डरी एका दिवसात गुंफ. भद्रकाली, रविवार कारंजा भागातल्या अरुंद गल्ल्यांत गाडी दारापर्यंत जाईलच असं नाही, तिथे हातगाडी आणि दोन हमाल वेगळे धर. मुंबई-पुण्याला पूर्ण गाडी लागली तर परतीच्या गाडीची चौकशी कर. अंबड-सातपूरला कच्चा माल टाकून रिकाम्या जाणाऱ्या गाड्या कमी भाड्यात तयार होतात, फक्त वेळ त्यांची असते. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम असतो. तेव्हा गाड्या महाग होतात, या महिन्यांचा दर आधीच वेगळा ठेव.

‘डोअर डिलिव्हरी’ म्हणजे बहुतेकांच्या लेखी इमारतीचं दार, वरचा मजला नव्हे. ऑर्डर घेतानाच विचार: मजला कितवा, लिफ्ट आहे का, लिफ्टच्या दाराची रुंदी किती, जिन्याला वळण कसं, सोसायटीत माल चढवायच्या वेळा काय. मजल्याची हमाली कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखव. ‘फ्री डिलिव्हरी’ लिहायचंच असेल, तर ते शहरापुरतं लिही.

आता नुकसानीबद्दल, आणि हे नीट वाच. रस्त्याने माल नेणाऱ्या वाहतूकदाराची जबाबदारी, जास्त किंमत जाहीर करून जास्त दर भरला नसेल, तर भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. वरच्या सुट्या टेबलाचं नुसतं भाडं धर, ४४ किलोला १२ रुपयांनी ५२८; त्यावर १८,००० रुपयांचं टेबल तुटलं, तर हातात येतील जास्तीत जास्त ५,२८०. म्हणून महागड्या नगाला ट्रान्झिट विमा घे. बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात दिल्याच्या पावतीवर, ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) छापलंय का, ते सही करण्याआधी पाहा. ग्राहकाला बजावून सांग, पॅकिंग फाटलेलं दिसलं तर पावतीवर तसं लिहूनच सही करायची आणि उघडताना व्हिडिओ काढायचा. दाव्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत गेली पाहिजे. पण तू पहिल्याच आठवड्यात पाठव, महिने गेले की हबवरचे पुरावे मिळत नाहीत.

ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा दाखला, मालाची किंमत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, राज्याबाहेर ५०,०००च्या वर लागतं, आणि ही रक्कम जीएसटी धरून मोजायची. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. त्याच्या भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर भरलेला नसेल तर गाडी रस्त्यात अडकते. वाहतूकदार भरणार की तू, हे बुकिंगलाच ठरव.

सध्या सगळ्यांत जास्त विकली जाणारी तुझी तीन मॉडेल्स पॅक करून मोज आणि तीच मापं तीन वाहतूकदारांना लेखी पाठव. प्रत्येकाकडून डॉकेट, इंधन, आउट ऑफ डिलिव्हरी एरिया (नेहमीच्या हद्दीबाहेर पोचवणं) आणि हमाली यांचे आकार सुटे मागव. कोटेशनं आली की मला पाठव, आपण बसून पाहू.

तुझा हितचिंतक