हिरव्या लेझरच्या क्रिस्टलवर काळा ठिपका पडलाय, पॉलिश करू का?

पॉलिश अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की ५३२ नॅनोमीटरच्या मॉड्यूलचा उजेड निम्म्यावर आलाय आणि भिंगातून क्रिस्टलच्या तोंडावर काळा ठिपका दिसतोय. ते साधं ओरखडणं नाही, तिथलं कोटिंग बहुधा जळलंय. आत डायोडचा ८०८ नॅनोमीटरचा उजेड व्हॅनॅडेट हा क्रिस्टल १०६४ चा करतो आणि केटीपी हा दुसरा क्रिस्टल त्यातून ५३२ चा हिरवा काढतो. व्हॅनॅडेटच्या डायोडकडच्या तोंडावरचा थर ८०८ ला आत सोडतो आणि १०६४ ला परत फिरवतो, म्हणजे कॅव्हिटीचा (दोन आरशांमधली जागा, जिथे लेझर तयार होतो) एक आरसा तोच, घासलात की आरसाच गेला, मग लेझिंग होणारच नाही.

आधी डायोड तपासा. क्रिस्टल काढून पॉवर मीटरवर नुसतं ८०८ मोजा, कारण डायोड थकला किंवा गरम होऊन वेव्हलेंग्थ सरकली (अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर) तरी हिरवा असाच मंद होतो आणि आपण उगाच क्रिस्टलला दोष देत बसतो.

आणि हे कळकळीने सांगतोय, मॉड्यूल उघडलं की आयआर (इन्फ्रारेड) अडवणारा फिल्टर निघतो, ८०८ आणि १०६४ दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, डोळा मिटायची वेळच येत नाही. नुसत्या ५३२ चा गॉगल चालणार नाही, तिन्ही वेव्हलेंग्थ अडवणाराच घाला.

डायोड ठीक असेल तर मग सफाई. ब्लोअरने धूळ उडवा, लेन्स टिश्यूवर शुद्ध ऍसिटोनचा थेंब टाकून एकाच दिशेने, न दाबता, एकदाच ओढा, दुसऱ्यांदा नवा टिश्यू. दोन क्रिस्टल चिकटवून एकच ठोकळा केलेला असेल तर ऍसिटोन लांबच ठेवा, जोड सुटू शकतो.

डाग गेला नाही तर क्रिस्टल सरकवा. आतला बीम मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाएवढा असतो, तोंड त्याच्या कितीतरी पट मोठं, तेव्हा अर्धा मिमी बाजूला नेलं की कोरी जागा मिळते. फक्त फिरवू नका, केटीपीचा कोन व्हॅनॅडेटच्या पोलरायझेशनशी (प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेशी) ४५ अंशांवर जुळवलेला असतो, म्हणून काढण्याआधी माउंटवर खूण करून ठेवा. केटीपीच्या आत राखाडी रेघ दिसत असेल तर तिलाही हाच उपाय. व्हॅनॅडेटला तडा गेला असेल तर मात्र बदलाच, चिकटवून काही होत नाही.

सरकवल्यावर करंट थ्रेशोल्डच्या (ज्याखाली लेझर सुरूच होत नाही) जरासा वर ठेवून आउटपुट आरसा हळूहळू जुळवा, पूर्ण करंट लगेच देऊ नका. नवी जागाही लवकरच काळी पडली तर आत धूळ तरी आहे किंवा कुठल्यातरी गोंदाची वाफ बसतेय, ती शोधल्याशिवाय तिसरी जागा खर्च करू नका.