व्हिडिओत लाटांचे चौकोन का होतात? झांज पाण्यातून आल्यासारखी का वाजते?

वेंगुर्ल्याहून भावाने पाठवलेल्या व्हिडिओत लाटांचे चौकोन दिसतात, देवळातल्या भजनाची झांज बुडबुडल्यासारखी वाजते, तर फोन बिघडलाय का, असं तुम्ही विचारलंय. फोन ठणठणीत आहे. व्हिडिओ दाबताना, म्हणजे पाठवण्यासाठी फाइल लहान करताना, त्यातलं बरंच काही काढून टाकलंय.

न दाबलेला फुल एचडी व्हिडिओ, सेकंदाला ३० चित्रं धरली तर, दर सेकंदाला सुमारे १८७ एमबी जागा खातो. एवढं पाठवणार कोण? म्हणून माणसाच्या लक्षात येणार नाही असं वाटेल ते वगळतात. चित्राचे चौकोन पाडायचे (जेपीईजी फोटोत ८ बाय ८ पिक्सेलचे), त्यातले बारकावे कमी करायचे. व्हिडिओत तर आधीच्या चित्रातला तुकडा कुठे सरकला, बहुतेक वेळा तेवढंच लिहून ठेवतात. होडी सरळ चालली असेल तर हे झकास जमतं. पण लाट फुटली की फेसाचा प्रत्येक कण वेगळ्या दिशेला. आधीच्या चित्रातून उचलण्यासारखं काहीच नसतं, ठरवून दिलेल्या जागेत सगळं मावत नाही, आणि चौकोनच्या चौकोन सपाट होतात. नीट बघा, मधूनच दृश्य क्षणभर स्वच्छ होतं आणि पुन्हा गढूळ. तेव्हा पूर्ण चित्र नव्याने आलेलं असतं. आमच्या धो धो पावसाचीही व्हिडिओत हीच गत.

रंगावर तर आणखी कात्री. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून चार पिक्सेल मिळून एकच रंग ठेवतात. शिमग्याच्या व्हिडिओत लाल निशाणाची कडा थांबवून बघा, लाल रंग आभाळात ओघळलेला दिसेल.

झांजेचं दुखणं वेगळं. तिचा नाद खालपासून पार वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला असतो. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपी३मध्ये, म्हणजे दाबलेल्या आवाजाच्या फाइलीत, साधारण १६ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला १६ हजार कंपनं) वरचं बहुधा कापलंच जातं, आणि उरलेल्यातल्या बारीक पट्ट्या क्षणाक्षणाला येत-जात राहतात. तो बुडबुडा त्यातून येतो. पखवाजाची थाप ऐका: थापेच्या जरा आधी पुसटसं ‘फस्स’ येतं. एमपी३ आवाजाचे ११५२ नमुन्यांचे (एकेका क्षणी घेतलेल्या मापांचे), म्हणजे जेमतेम २६ मिलिसेकंदांचे तुकडे करतं. दाबताना झालेली खरखर तुकडाभर पसरते, थापेपूर्वीच्या शांततेतही.

हे मी इतकं कान देऊन ऐकलंय, कारण माझे बाबा डबलबारीला (दोन भजनीबुवांच्या सामन्याला) पखवाज वाजवायचे. त्यांचं शेवटचं भजन मी शूट केलं, ग्रुपवर टाकलं आणि फोन भरला म्हणून मूळ फाइल पुसली. आता ग्रुपवरून फिरून आलेली प्रत तेवढी आहे. त्यात बाबांची बोटं दिसत नाहीत, पखवाजावर नुसता तपकिरी डाग हलतो. कुठलंही ॲप ती बोटं परत आणू शकत नाही, फार तर अंदाजाने नवी काढेल.

तुमच्या भावाच्या फोनमध्ये मूळ व्हिडिओ अजून असेल. तो व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा गणपतीला गावी जाल तेव्हा केबल लावून उतरवून घ्या. तोवर त्याला पुसू देऊ नका.