फोनवरचा नकाशा आणि फूटपट्टी

शाळा सुरू झाल्या की पत्रं येऊ लागतात, आणि गोंधळ दरवर्षी तोच असतो. मुलांना नकाशा शिकवायला काय वापरावं, इंटरनेटवरच्या कशावर भरवसा ठेवावा? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तरच ना? (पालक, सातारा)

उत्तर : दरवेळी नाही. दिशेचा बाण बघायचा.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. एका कंपनीचा माणूस घरी आला होता. ‘जगाचा नकाशा तीस दिवसांत तोंडपाठ’ असं ॲप आहे, वर्षाचे चौदा हजार, आजच भरले तर निम्मे. घ्यावं का? (वडील, लातूर)

उत्तर : घेऊ नका. ‘आजच’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. राजधान्या पाठ होणं म्हणजे भूगोल नव्हे. मे महिन्यात नागपूर मुंबईपेक्षा जास्त का तापतं, हे नकाशा बघून मुलीला सांगता आलं की भूगोल आला म्हणा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. इस्रोचं ‘भुवन’ हे उपग्रहचित्रांचं आणि नकाशांचं संकेतस्थळ 2009 पासून सगळ्यांना खुलं आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की 1:50,000 प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशेही (गावं, रस्ते, नद्या, चढउतार दाखवणारे) फुकट उतरवता येतात. पैसे खर्चायचेच असतील तर पृथ्वीगोल आणा, आणि घेण्याआधी शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना किंवा सरांना विचारा.

प्रश्न : गूगल अर्थवर आमचं अंगण आत्ता, या क्षणी दिसतं असं सगळे सांगतात. खरं का? (गृहिणी, सांगली)

उत्तर : खरं नाही. ते चित्र काही महिन्यांपूर्वीचं असतं, कधी काही वर्षांपूर्वीचंही. ऐकीव गोष्ट पुढे पाठवण्याआधी चित्राची तारीख बघत चला.

प्रश्न : मुलगा फोनवर रस्ता झटकन शोधतो, पण प्रमाणाची गणितं चुकतात. शाळेने पाठवलेला नकाशा घरी छापून त्याने फूटपट्टीने मोजला, तरी अंतर जुळेना. कुठलं ॲप लावू? (आई, डोंबिवली)

उत्तर : कुठलंच नको. मुलाचं चुकलं नसण्याचीही शक्यता आहे, आधी तो छापलेला कागद तपासा. 1:50,000 म्हणजे नकाशावरचे 2 सेंमी जमिनीवर 1 किलोमीटर. पण हे खरं केव्हा? नकाशा मूळ आकारात छापला तर. मोठा नकाशा ए-फोर कागदावर ‘बसवून’ छापला आणि 40 टक्क्यांवर आला, तर 5 किलोमीटरवरचं गाव मोजताना 2 किलोमीटरवर येतं. कोपऱ्यात मात्र 1:50,000 तसंच छापलेलं राहतं. मूल त्या आकड्यावर विश्वास ठेवून मोजतं आणि वर बोलणी खातं! एका शाळेत अख्ख्या वर्गाचे गुण असे कापलेले मी पाहिले आहेत. मुलांनी अगदी नीट मोजलं होतं. आजही ते आठवलं की जीव तुटतो.

यावर उपाय नकाशावरच छापलेला असतो, तो म्हणजे रेषाप्रमाण, किलोमीटरच्या खुणा केलेली छोटी रेघ. नकाशा लहान झाला की ती रेघही तेवढीच लहान होते, म्हणून ती खोटी पडत नाही. रस्त्याच्या वळणांवरून दोरा फिरवायचा, मग तो रेषाप्रमाणावर ताणून धरायचा. फोनच्या नकाशावरही अशी छोटी रेघ दिसते. बोटांनी नकाशा मोठा केला की तिच्यावरचा आकडा बदलतो. तो बदलताना मुलाला दाखवा आणि का बदलला ते त्यालाच सांगू द्या. पण हे नंतर. आधी घरातली खोली पावलांनी मोजून वहीत काढायची, मग घर ते शाळा. हा क्रम उलटा झाला की मुलाला रस्ता सापडतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज कधी येत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. छापलेला कागद घेऊन शिक्षकांना भेटा, समोर फूटपट्टी ठेवून शांतपणे बोला. गुणोत्तर कच्चं असेल तर गणिताच्या शिक्षकांचाही सल्ला घ्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेला भारताचा नकाशा शाळेच्या प्रदर्शनातल्या फ्लेक्सवर घेऊ का? त्यात लडाख वेगळा आहे आणि काश्मीरजवळ तुटक रेषा आहेत. (शिक्षक, जिल्हा परिषद शाळा)

उत्तर : मुळीच नको. लडाख वेगळा असणं बरोबर आहे, 31 ऑक्टोबर 2019 पासून तो केंद्रशासित प्रदेश आहे. तुटक रेषा मात्र परदेशी नकाशांतून येतात. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. विभागाचाच नकाशा उतरवून घ्या आणि छापायला टाकण्याआधी मुख्याध्यापकांना दाखवा.

प्रश्न : नातू आठवीत आहे. प्राकृतिक नकाशातली हिरवी मैदानं आणि तपकिरी डोंगर यांत त्याची गल्लत होते. अभ्यासाचं ॲप ‘लक्ष द्या’ म्हणतं, शेजारी म्हणतात मोठा झाला की सुधारेल. तीन वर्षं झाली. (आजोबा, नाशिक)

उत्तर : तीन वर्षं वाट पाहिलीत! याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या. काही मुलांना लाल-हिरव्या छटांमधला फरक जन्मतःच नीट कळत नाही. मुलींपेक्षा मुलग्यांत हे बरंच जास्त आढळतं. रंगीत ठिपक्यांची तपासणी काही मिनिटांत होते. त्याला तेच आहे की आणखी काही, हे पत्रावरून मी सांगू शकत नाही, डॉक्टरच सांगतील. तसं निघालं तर त्यांचं पत्र शाळेत द्या आणि शिक्षकांना त्याला समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांवरून, उंची वाचायला शिकवायला सांगा. त्या रेषांवर उंचीचे आकडेच लिहिलेले असतात. तोवर रंगांवरून त्याला कुणी रागावू नका.